सशाच्या पोटावरचा अंगठा

"खुर्च्या आहेत की शिक्षा?" बायको कॅमेरामनच्या कानाशी पुटपुटली. "आणि तुम्ही मूठ कसली आवळून बसलाय? टाळ्या वाजवा जरा."

कार्टून स्टुडिओतली जुनी माणसं तीस वर्षांनी जमली होती. कॅमेरामनने एकेक चित्र काचेखाली ठेवून टिपलेला ससा पडद्यावर उड्या मारत होता. मग ससा थबकला, नुसते कान हलवत राहिला, आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र पोटावर अंगठ्याचा ठसा दिसला. ताटाएवढा, मधोमध आडवी चीर असलेला. सगळ्यांना एकदम खोकला आला.

त्या ठशापायी चित्रं रंगवणाऱ्या ताईंची नोकरी गेली होती. मालक त्यांना बोलत होते तेव्हा कॅमेरामन शेजारीच उभा राहून लेन्स पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

मागच्या रांगेतून ताई पुढे वाकल्या. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना.

"हातमोजे तुम्ही घातले नव्हते, दादा. अंगठ्यावरची चीर मी तेव्हाच ओळखली होती. पण तुमचं बाळ आठ दिवसांचं होतं."