मामंजींचं सोवळं

अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत मलेरियावाले डीडीटीचे पंप घेऊन शिरले, तेव्हा वृंदानं सगळा संसार अंगणात काढला. देव तेवढे आत राहिले. त्यांना दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, म्हणून मामंजी, तिचे सासरे, रेशमी सोवळं नेसून स्वतःच आत गेले. पंपांची फसफस सुरू झाली आणि तिला एकदम आठवलं. राघूचा पिंजरा माजघरातच टांगलेला होता! गेल्या वर्षी याच वासानं शेजारची मैना दगावली होती. वृंदा धावली, तोच मामंजी खोकत बाहेर आले. अंगावर नुसता पंचा. सोवळं हातातल्या पिंजऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेलं. "आणि देव?" तिनं चाचरत विचारलं. "राहू देत. त्यांचा कुठं जीव घुसमटतोय?" मामंजी गुरगुरले. वृंदानं पिंजरा घ्यायला हात पुढे केला, तर आतून राघू थेट मामंजींच्या आवाजात खेकसला, "लांब हो, सूनबाई! सोवळ्यात आहे!"