खाली करा

संकटकाळी माणूस सर्वांत आधी जीव वाचवतो, असं शास्त्र सांगतं. शास्त्राला नायगावात खोली नसावी.

"चाळ खाली करा! लगेच खाली करा!" फायर ब्रिगेडचा साहेब भोंग्यातून ओरडत होता. चाळकऱ्यांच्या नव्या टॉवरसाठी शेजारी खड्डा खणला होता. त्या बाजूची भिंत सकाळीच तडकली होती आणि भेग आता दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. माणसं गॅलरीत दाटीने उभी राहून ती बघत होती. खाली कोणी उतरत नव्हतं.

"खाली करा" हे शब्द चाळीने कित्येक वर्षं ऐकले होते. बिल्डरच्या माणसाकडून, त्याच्या वकिलाकडून, दिवाळीला त्याने पाठवलेल्या मिठाईच्या डब्यावरूनसुद्धा. पलीकडच्या चाळीने एकदा ऐकलं. ती माणसं अजून विरारला भाड्याने राहतात.

दुसऱ्या मजल्यावर भिवाकाकांनी दारात खुर्ची टाकली.

"हेल्मेट बघ," ते शेजारच्या विकासला म्हणाले. "कोरं करकरीत. खरा बंबवाला असता तर काळं नसतं झालं?"

"पण काका, भेग तर खरी आहे ना?"

"भेग पाडायला काय लागतं रे? मशीन आहे त्यांच्याकडे."

विकासला पटलं. तोही खुर्ची आणायला गेला.

भाजी घेऊन परतलेल्या भिवाकाकांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, खालून हे पाहिलं. नवऱ्याच्या डोक्यावर छताची माती गळत होती आणि तो ती झटकून बसून राहिला होता.

"अहो, उतरा ना!"

"तुलाही फोडली काय त्यांनी?" वरून उत्तर आलं.

बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग साहेबाच्या हातातला भोंगा घेऊन त्यांनी चाळीकडे पाठ केली आणि शेजारी उभ्या सुभद्राच्या कानाशी त्या कुजबुजल्या, "हळू बोल गं. नव्या टॉवरच्या चाव्या वाटतायत. वरच्यांना कळू देऊ नकोस."

भोंगा चालूच होता.

जिना हादरला. विकास खुर्चीसकट उतरला. भिवाकाका सगळ्यांना कोपराने सारत पहिले आले.

पाठोपाठ गॅलरी कोसळली. कोणाला खरचटलंही नाही.

धुळीतून भिवाकाकांनी साहेबाला विचारलं, "लाइन इथूनच ना?"

टॉवरचा अजून खड्डाच होता.