ठोक्यावरची झोप

"झोपल्याशिवाय तपासणी होत नाही हो," कान तपासणाऱ्या ताई पुन्हा म्हणाल्या.

बाळ झोपत नव्हतं. खोलीचं दार घट्ट लावलेलं, भिंतींना जाड फोम, पंख्याचीसुद्धा कुरकुर नाही. आईने तिला मांडीवर घेतलं, खांद्यावर टाकलं, पाजून बघितलं. तीन महिन्यांची ती चिमणी बेंबीच्या देठापासून रडत होती.

"घरी डोक्याशी हातोडी चालते तरी ढिम्म झोपून असते," आजी म्हणाली. "मी कानाशी ताट आपटलं, पापणी लवली नाही. म्हणून तर आणली तुमच्याकडे. आणि इथे एवढं शांत, तर बाईसाहेबांना झोपायला काय धाड भरलीय!"

आई बाळाला थोपटत राहिली. पोटुशी असताना ती रोज घराला लागूनच असलेल्या दुकानात नवऱ्याच्या शेजारी बसायची. तो तांब्याची भांडी ठोकायचा, ती पुसून लखलखीत करायची; मघाशी ताईंनी विचारलं तेव्हा तिने एवढं सांगितलं होतं. परवा शेजारीण म्हणाली होती, "त्या आवाजात बसायचीस ना, पोटातच कान गेले असतील गं." सहज म्हणाली होती. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बाळाचा बाप दाराजवळ लोखंडी स्टुलावर बसला होता. हात मोकळे राहिले की त्याला सुचत नसे. त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि नकळत स्टुलाच्या पायावर वाजवू लागला. ठक-ठक, ठक. ठक-ठक, ठक.

"अहो, इथे तरी!" आई कळवळली.

तो ओशाळला. हात थांबला. तेवढ्यात बाळाने पुन्हा भोकाड पसरलं, आणि ताईंनी चटकन मान वर केली. "परत वाजवा बरं."

"चुकून झालं, ताई."

"वाजवा म्हणते ना."

ठक-ठक, ठक. रडणं मध्येच तुटलं. ओले डोळे आवाजाच्या बाजूला वळले.

"थांबा."

खालचा ओठ पुढे आला. थरथरला. पुन्हा तोच टाहो.

"वाजवा."

मिटलेल्या मुठी सुटल्या.

"अगं बाई," आजीने कपाळाला हात लावला, "बापाने दुकान उघडल्याशिवाय हिला झोप नाही होय!"

हळूहळू पापण्या जड झाल्या. ताईंनी हात वर केल्यावर किल्ली थांबली. त्यांनी बाळाच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. पडद्यावर रेषा धावू लागल्या. बापाने किल्ली मुठीत दाबून धरली. आई पडद्याकडे बघतच नव्हती, ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने ताई हलकेच म्हणाल्या, "दोन्ही कान छान आहेत. मी आत्ता बोलतेय ना, एवढं हळूसुद्धा ऐकू येतं तिला."

"मग ताट आपटलं तेव्हा?" आजीने विचारलं.

"पोटात असल्यापासून ठोकाठोक ऐकतेय, आजी. तिने किती दचकायचं? तुम्ही दचकता का हातोडीला?"

"मी कशाला दचकू? ती थांबली तर उलट बघायला जाते, हा कुठे चहाला पळाला का म्हणून."

बाप हसायला गेला आणि त्याचा चेहराच वाकडा झाला. तो भिंतीकडे तोंड करून नाक पुसत राहिला.

बाहेर आल्यावर आई पायरीवर बसली. जरा रडली. मग पदराने तोंड पुसून उठली, बाळाला छातीशी धरून चालू लागली. चालता चालता बोलू लागली.

"हा बसचा हॉर्न. आगाऊ आहे मेला. ही सायकल, चेनीला तेल घातलेलं नाही. हे बघ, कुणीतरी शटर ओढलं. आणि ही चपला फरपटत येतेय ना, ही तुझी आजी."

"अगं, झोपलीय ती," आजी मागून म्हणाली. "कुणाला सांगतेस?"

"झोपू द्या की. ऐकू येतंय तिला."