हौदाचा सांडवा

हौद पुन्हा भरून वाहिला. या खेपेला पाण्याबरोबर तीन मासेही फरशीवर आले आणि नमाजाच्या पहिल्या ओळीच्या चटया चिंब झाल्या.

"बंद करा ते! आधी बंद करा!" मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली बाबामियाँ पायजमा वर धरून ओरडले.

शंकरप्पा मिस्त्रीनं इंजन बंद केलं. मासे ओंजळीत उचलून हौदात सोडले आणि शांतपणे हात पुसले. तुळजापूरहून मुद्दाम बोलावलेला माणूस, इंजनाच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणत. त्याला येऊन आज आठवा दिवस होता.

नमाजाआधी हातपाय धुवायचा हा हौद बापजाद्यांपासून मोटेनं भरायचा. मोट सावकाश ओतायची आणि जास्तीचं पाणी काठालगतच्या अरुंद नालीनं आवारातल्या चार डाळिंबांना जायचं. यंदा बैल थकले, म्हणून बाबामियाँनी जमातीच्या गळी उतरवून ऑइल इंजन आणलं. मागचा शुक्रवार बादल्यांवर निभावला होता. हाही तसाच गेला, तर दोनशे माणसं ओल्या पायांनी त्यांच्या नावानं हसणार होती. निजाम गेला, राज्यं बदलली, पण मुतवल्लीपण त्यांच्या घरातून हललं नव्हतं. ते या इंजनापायी जायची पाळी आली होती.

मिस्त्रीनं घासलेटचा रिकामा डबा घेऊन पुन्हा मोजून दाखवलं. इंजनाच्या नळाखाली डबा दहा आकड्यांत भरला. नालीच्या तोंडाशी त्यालाच चाळीस लागले.

"येणारे चार, जाणारा एक," तो म्हणाला. "राहिलेले तीन तुमच्या चटईवर बसत्यात."

"मग इंजन हळू चालवा."

"हळू केलं की दम टाकतंय. पाणीच उचलत न्हाय."

"नाली रुंद करा."

"करतो. पण चार झाडं किती पितील? आठ दिवसांत मुळं कुजतील."

भिंतीपलीकडं पाणी काढायचं नाही, हे बाबामियाँनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मागच्या गल्लीतली विहीर खारी. तिथल्या बाया गोड पाण्यासाठी अर्ध्या कोसावरच्या ओढ्याला जायच्या. गेल्या उन्हाळ्यात दगडाबाई चारपाच जणींना घेऊन दारात आली होती, घरटी एक घागर मागायला. बाबामियाँ दुष्ट नव्हते. पण मशिदीला दान दिलेलं, वक्फचं पाणी बाहेर जात नाही, हा त्यांच्या वडिलांचा शब्द होता आणि तो त्यांनी दगडाबाईच्या तोंडावर फेकला. तेव्हापासून त्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ते अवेळी आवारात शिरले, तर इंजन मांजरासारखं घुरघुरत होतं आणि हौदात पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती. बाबामियाँ खाकरले. इंजन एकदम धडधडायला लागलं.

"बिघाड शोधत होतो," मिस्त्री म्हणाला.

बाबामियाँनी मान हलवली. इंजनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कळल्यासारखं दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

दुपारी घरी त्यांच्या बायकोनं, बिबीजाननं पुढ्यात ताट ठेवलं. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून तिची डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकली होती, त्यामुळे ताटाची कड नेहमी जरा कलती यायची. रोज त्यावरून कुरकुरणारे बाबामियाँ आज नुसतीच भाकरी चिवडत होते.

"अजी, जेवा की," ती म्हणाली. "इंजनाचं काय व्हायचं ते व्हईल. मला मेलीला काय कळतंय म्हणा. पण पेज उतू जायला लागली, तर आमी चूल विझवत न्हाय. झाकण सरकवून वाट देतो."

"तुझी पेज आणि माझं इंजन एकच का?" बाबामियाँ खेकसले. पण दुसरी भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.

गुरुवारी ते छाती काढूनच मशिदीत आले.

"मिस्त्री, रात्रभर विचार केला मी. मागच्या भिंतीला भोक पाडा. चार बोटांचा नळ टाका."

शंकरप्पानं कानामागची विडी काढली, पुन्हा ठेवली. "वक्फची भिंत हाय, साहेब. पाणी गल्लीत सांडंल."

"सांडू द्या! हौदात आहे तोवर वक्फचं. सांडलेल्या पाण्याला मालक नसतो."

"तुमचे वडील म्हणे..."

"मुतवल्ली मी आहे का तुम्ही?"

"मग तुमच्या हुकमानं," मिस्त्री पडेल आवाजात म्हणाला. दहा दिवस जो माणूस मोजल्याशिवाय खिळा ठोकत नव्हता, त्यानं माप न घेता भिंतीला छिन्नी लावली.

शुक्रवारी हौद काठाच्या बोटभर खाली येऊन थांबला आणि तिथंच राहिला. मासे निवांत फिरत होते, चटया कोरड्या होत्या. नमाज झाल्यावर लोकांनी बाबामियाँचे हात हातात घेतले. "मिस्त्रीला दहा दिवस जमलं नाही, शेवटी आपणच डोकं लावलं," असं बाबामियाँ जमेल तितक्या साधेपणानं सांगत होते. खरं तर त्यांना आनंद मावत नव्हता.

आपला नळ पलीकडून कसा दिसतो ते पाहायला ते गल्लीत गेले. भिंतीतून मनगटाएवढी धार पडत होती. दगडाबाई घागर भरत होती आणि तिच्यामागं दहाबारा बाया उभ्या होत्या. बाबामियाँना पाहून सगळ्याजणींनी पदर सावरले.

"लई उपकार झाले, साहेब," दगडाबाई म्हणाली.

"वाया कशाला घालवायचं," बाबामियाँ उदारपणे म्हणाले. तिनं घागर उचलली, तशी त्यांची नजर खाली गेली.

धार बरोबर एका दगडी ओट्याच्या मधोमध पडत होती. घागर बसावी म्हणून ओट्याला खळगा होता, पाणी वाहून जायला पन्हळ होती. भोक काल दुपारी पाडलं होतं. बाबामियाँनी जुतीच्या टोकानं ओट्याचा चुना घासून पाहिला. तो वाळून टणक झाला होता, निदान आठ दिवसांचा.

नव्या चुन्यावर बरकतीसाठी बाया हात उमटवतात, तसा ओट्याच्या कोपऱ्यात एक डावा पंजा उमटलेला होता. चार बोटं सरळ होती. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.