इस्त्रीवालीचा गोष्टवाला

गोष्टवाला रंगमंचावर आला, खुर्चीत बसला, पाण्याचा घोट घेतला आणि ‘नमस्कार’ म्हणाला. मग पुन्हा पाण्याचा घोट घेतला. तिसऱ्या रांगेत बसलेली इस्त्रीवाली तिथेच खुर्चीच्या कडेला सरकली.

याच माणसाच्या गोष्टी फोनवर लावून तिने आजवर डोंगराएवढ्या कपड्यांना इस्त्री केली होती. त्याचा आवाज सुरू झाला की हात आपोआप चालायचा. काय धाडधाड बोलायचा पठ्ठ्या! एक वाक्य संपतंय तोवर दुसरं दारात उभं. आणि आज? आज तो ‘एक होता सुतार’ म्हणाला आणि असा थांबला, की सुताराला बोलावून आणायला कुणाला तरी घरी पाठवलंय असं वाटावं.

शेजारी तिचा नवरा बसला होता. दुकानात घड्या घालणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं ही त्याची कामं. पैकी घड्या सुरेख. बोलणं मात्र असं, की कपडे कधी मिळतील म्हणून कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत कपडेच तयार व्हायचे. तिचं त्याच्यामागे रोजचं एकच पालुपद होतं: जरा त्या गोष्टवाल्याकडून शिका, माणसं बोलतात कशी ते. रविवारची दुपारची झोप मोडून त्याला इथे ओढत आणलं होतं तेही याचसाठी. याच्यासमोर एकदा आपलं म्हणणं खरं ठरलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

आणि झालं उलटंच. गोष्टवाला बोलायचा थांबला, की नवरा मान डोलवायचा.

गोष्ट तर तिला तोंडपाठ होती. सुतार साहेबाच्या खुर्चीचा एक पाय मुद्दाम आखूड करतो, ती जागा तिला लांबूनच दिसली आणि ती खळखळून हसली. अख्ख्या सभागृहात एकटीच. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. बऱ्याच वेळाने गोष्टवाला स्वतः त्या खुर्चीपाशी पोचला, तेव्हा कुठे सगळे हसले, आणि त्यांच्यात तिचा नवराही होता. हा माणूस दुकानात ऐकताना कायम दोन वाक्यं उशिरा हसायचा. आज अगदी वेळेवर हसला. तिला त्याचाही राग आला.

“आजारी असतील हो,” ती त्याच्या कानाशी म्हणाली.

नवऱ्याने यावर विचार केला. “मला... बरे वाटतायत.”

कार्यक्रम संपल्यावर ती गोष्टवाल्याला भेटायला गेली. तुमच्या आवाजावर माझा दिवस निघतो, असं काय काय सांगायचं तिने घरून ठरवून आणलं होतं. समोर उभी राहिल्यावर तोंडून निघालं, “तब्येत बरी आहे ना?”

उत्तम आहे, असं गोष्टवाला म्हणाला. मग, ती निम्मा जिना उतरल्यावर, वरून त्याने विचारलं, का हो?

बसथांब्यावर आल्या आल्या तिने लेकीला फोन लावला. तुझ्या त्या गोष्टवाल्याला काय झालंय, दोन शब्द बोलायला इतका वेळ, आमची नुसती फजिती झाली, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. आई, तू माझाच जुना फोन वापरतेस ना, असं विचारून लेक हसत सुटली.

“अगं, त्यात मी परीक्षेची व्याख्यानं ऐकायचे. लवकर संपावीत म्हणून वेग दीडपट करून ठेवला होता. तू तो कधी बदललाच नाहीस?”

बदलायचा असतो हे आधी माहीत तर हवं. तिने फोन बंद केला. म्हणजे इतकी वर्षं जिच्या तालावर इस्त्री फिरवली ती बोली कुणाचीच नव्हती. आणि ज्याच्या नावाने नवऱ्याला टोमणे मारले, तो तर नवऱ्याचा सख्खा भाऊ शोभला असता. तिला फार ओशाळल्यासारखं झालं. पण मनात ठेवणं हा तिचा स्वभाव नव्हता. तिने नवऱ्याला जे होतं ते सांगून टाकलं.

तो हसला नाही. ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असंही म्हणाला नाही. त्याने खिशात हात घातले.

“एकदा... आपल्याकडे एक कोट आला होता,” तो म्हणाला.

मुद्द्याचं बोला, असं म्हणायला तिने सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

“इस्त्रीला देण्याआधी मी खिसे बघतो. तर आतल्या खिशात... दात. अख्खी कवळी.”

रांगेत पुढे उभे असलेले आजोबा मागे वळले. त्यांच्यापुढच्या मुलीने गाणी ऐकायचा कानातला इअरफोन काढला. नवऱ्याला कसलीच घाई नव्हती. कवळी त्याने रुमालात कशी गुंडाळली, कपाटात कुठे ठेवली, ते त्याने यथासांग सांगितलं.

“संध्याकाळी एक बाई आल्या. म्हणाल्या, कोट माझ्या नवऱ्याचा. मी कवळी पुढे केली. त्यांनी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या...”

इथे तो थांबला. नेमकी तेव्हाच बस आली. दार उघडलं, पण आजोबा हलले नाहीत, मुलगी हलली नाही. नवरा एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला आणि चढायचं असेल तर चढा, म्हणून ओरडला.

“थांबा हो जरा,” इस्त्रीवाली त्याच्यावर खेकसली. “यांचं बोलून होऊ दे.”