हो म्हटलं तरी

काकूंच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून डॉक्टरने ती आपल्या जुन्या मशीनला जोडली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला गल्लीने दिलेलं हे नाव, आणि तोही ते मिरवायचा. जुन्या मशीनला इंटरनेट नव्हतं. व्हायरस सुटला तरी जाणार कुठे?

"फोटो, पत्रं तपासून बाहेर काढतो," तो म्हणाला. "मग डिस्क पुसून कोरी करायची. पण प्रोग्रॅम एकही घेणार नाही. व्हायरस त्यांच्यातच दडून बसतो."

"फोटो गेले तरी चालतील रे. ह्यांनी केलेला गोळीचा प्रोग्रॅम तेवढा दे."

काका जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी न चुकता विचारायचा, 'गोळी घेतली?' हो म्हणेपर्यंत काकूंचा पिच्छा सोडायचा नाही.

"एक खोड आहे त्यात," काकू म्हणाल्या. "हो म्हटलं तरी अर्ध्या तासाने पुन्हा विचारतो. जमलं तर तेवढं नीट कर. तीन दिवस झाले, सकाळी कुणी विचारत नाही."

डॉक्टरने प्रोग्रॅम तपासणीला लावला. व्हायरस त्यातही शिरला होता. काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

तेवढ्यात त्याच फोल्डरमध्ये त्याला दुसरी फाइल दिसली. प्रोग्रॅम बनवण्यासाठी काकांनी हाताने टाइप केलेल्या सूचना. नुसती अक्षरं, ती धडधाकट होती. त्यांवरून प्रोग्रॅम नव्याने बनवता येणार होता. डॉक्टरला हायसं वाटलं.

खोड शोधत तो एकेक ओळ वाचत गेला आणि एके ठिकाणी थांबला. तिथे काकांनी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. डॉक्टरने स्क्रीन काकूंकडे वळवला.

'ही न घेताच हो म्हणते. अर्ध्या तासाने पुन्हा विचारणे.'

काकूंनी चष्मा लावून वाचलं. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या ओशाळल्या. मग डोळे भरून आले.

"काढून टाकू ही खोड?" डॉक्टरने विचारलं.

काकूंनी नकारार्थी मान हलवली. पर्स उघडून त्यांनी गोळ्यांची न फोडलेली पट्टी बाहेर काढली.

"जरा पाणी दे रे."