बंडीचा टायर

"हे एकशे पंच्याऐंशी म्हणजे काय?" यादोरावने भिंतीवर टांगलेल्या टायरवर बोट ठेवलं.

"रुंदी, काका. मिलिमीटरमधी," दुकानाचा मालक भैय्यालाल म्हणाला. "पुढचं पासष्ट म्हणजे रुंदीच्या मानानं उंची, टक्क्यात. आर म्हणजे रेडियल. चौदा म्हणजे रिंगची साइज."

एप्रिलची दुपार. आंधळगावच्या रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुकानातला कारागीर धर्मेंद्र नुकताच जेवायला घरी गेला होता. तो कधी जातो याची वाट बघत हा म्हातारा समोरच्या लिंबाखाली अर्धा तास उभा होता, हे बिचाऱ्या भैय्यालालला कुठून माहीत असणार?

"उन्हाळ्याचा वेगळा अन् पावसाळ्याचा वेगळा घ्यावा लागते का?"

"नाही जी. आपल्याकडे बारमाहीच चालते, बरफ कुठं पडते भंडाऱ्यात? पावसासाठी खाचा खोल पाहाच्या, पानी निघून गेलं पाहिजे. उन्हासाठी हे टेंपरेचरचं अक्षर. ए असला त सगळ्यात चांगला. अन् काही झालं तरी जुना नको. जुनं रबर मे महिन्यात डांबरावर फाटते. किती जुना, ते या चार आकड्यांत..."

"ते मले येते," यादोराव म्हणाला. "तीस वर्षं फॅक्टरीत पेट्यांवरचे आकडेच तपासले मी. आधी साल, मग लॉट. मले नको शिकवू."

भैय्यालाल हसला. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्याला सवय नव्हती.

यादोरावने शटर अर्ध्यावर ओढलं. ऊन येऊन राहिलं, म्हणाला. मग पूर्णच खाली ओढलं.

"प्रफुल्ल आठवते तुले? जवाहरनगरचा. पांढरी गाडी. मागच्या मे महिन्यात लाखनीजवळ टायर फुटला अन् ट्रकखाली गेला."

"पेपरात वाचलं होतं. तुमचे कोन होते ते?"

"पोरगा. एकुलता एक. गमछ्यात गोळा करून आनला मी त्याले."

यादोरावने खिशातून घडी घातलेला कागद काढला. विम्यासाठी गाडी तपासणाऱ्या सर्व्हेयरचा तो कागद आठवड्यापूर्वीच घरी आला होता.

"टायर अकरा वर्षं जुना, असं लिहिलं आहे. तुझ्याच दुकानातून नेला होता त्यानं."

"काका, गाडीले मी देलाच नाही. बैलबंडीले पाहिजे म्हनून नेला त्यानं. तो मागं जुन्या टायरांचा ढीग आहे ना, बंडीचा..."

"आमच्याकडे बैल नाही, बंडी नाही, वावर नाही. कायले खोटं बोलतं?"

टायर उचकटायची लोखंडी टामी टेबलावरच पडली होती. पहिला घाव गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज यादोरावला स्वच्छ ऐकू आला, आणि त्याला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं.

भैय्यालाल फरशीवर सरपटत शटरकडे निघाला. यादोरावने त्याच्या हातावर पाय दिला आणि बोटं ठेचली.

"काका, आयका तरी..."

"तू आयक. घ्याच्या आधी मले फोटो पाठवला होता त्यानं." यादोरावने खाली बसून मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "हा पाय. बावीस-तेरा. बावीस सालचा, तेराव्या हप्त्यातला. दोन वर्षांचा माल, नवाच. म्या पास केला. तू हा दाखवला अन् जुना गळ्यात मारला. बोल."

भैय्यालालने कळा सोसत डोळे किलकिले केले. फोटो बघितला. मग तो यादोरावकडे असा काही बघायला लागला की यादोरावचं डोकंच फिरलं. मेलेल्या पोराच्या बापाची याला कीव येते?

"काका," तो म्हणाला, "हा आकडा..."

टामी जबड्यावर बसली. पुढचा शब्द दातांबरोबर बाहेर सांडला. नंतरचे घाव डोक्यावर. माणूस केव्हाच गेला होता, पण यादोराव हात दुखेपर्यंत थांबला नाही.

मग त्याने स्वतःच शटर वर केलं, नळावर हात धुतले आणि स्टुलावर बसून राहिला. पळायचं त्याच्या मनातही नव्हतं. आता फासावर गेलो तरी चालेल, प्रफुल्लला तोंड दाखवता येईल.

धर्मेंद्र जेवून आला आणि दारातच ओकला.

"पोलिसाले बोलाव," यादोराव शांतपणे म्हणाला. "म्या मारलं. यानं नवा दाखवून जुना देला माझ्या पोराले. हा पाय फोटो."

धर्मेंद्रने मोबाइल घेतला. फोटो बघितला.

"हा त तोच आहे," तो म्हणाला. "बंडीच्या ढिगातला. मीच काढून देला होता. शेठ गाडीले देतच नव्हते. पोट्ट्यानं कोनाले तरी फोटो धाडला, तिकून जवाब आला, त हासला. म्हने, बरं, बंडीलेच पाहिजे, द्या."

"पन हा नवा आहे," यादोराव म्हणाला. "आकडा वाच ना. साल वाच."

धर्मेंद्रने डोळे पुसले आणि स्क्रीनवरचा आकडा बोटाने मोठा केला.

"बावीसवा हप्ता, काका," तो म्हणाला. "साल तेरा."